सतरा एप्रिलची आवृत्ती

दूध संघाचा तो ईमेल आला तेव्हा आमरीन ऑफिसात एकटीच होती. चिकलठाणा एमआयडीसीत, पत्रा कापणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तीन खोल्यांचं ते ऑफिस. खालून दिवसभर पत्र्याचा आवाज यायचा, आणि सात वर्षांत आमरीनला त्याची इतकी सवय झाली होती की रविवारी घरी तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. कंपनी संध्या मॅडमची. गावोगावच्या शीतकरण केंद्रांवर दुधाच्या मोठ्या टाक्या असतात. त्यातलं दूध वेळेवर थंड होतंय की नाही, यावर नजर ठेवणारं पॅनेल ही कंपनी बनवायची. पेटी आणि तारांचं काम मोईन बघायचा. पेटीच्या आत चालणारा प्रोग्राम आमरीन लिहायची.

ईमेल चार ओळींचा होता. खाली नाव होतं धम्मपाल साळवे, चौकशी अधिकारी. फुलंब्रीजवळच्या केंद्रावर सतरा एप्रिलला टाकीभर दूध नासलं होतं. त्या दिवशी तिथल्या पॅनेलवर प्रोग्रामची जी आवृत्ती चालू होती, तिचा संपूर्ण सोर्स कोड झिप करून चार दिवसांत पाठवावा, असं त्यांनी लिहिलं होतं. करारात तशी अट होतीच.

आमरीनला ते प्रकरण ऐकून माहीत होतं. केंद्राचे ऑपरेटर पुंजाराम कामावर झोपले होते, भोंगा वाजला तरी उठले नाहीत, म्हणून त्यांना घरी बसवलं, एवढंच तिच्या कानावर आलं होतं. तिला वाईट वाटलं होतं. पॅनेल बसवायला ती गेली होती तेव्हा याच माणसाने तिला स्टूल दिलं होतं आणि स्वतः कॅनवर बसून, हे बटण कशाला, तो दिवा कशाला, असं सगळं दोनदोनदा विचारून घेतलं होतं. इतका विचारणारा माणूस झोपला कसा, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. मग कामाच्या गडबडीत ते राहून गेलं.

झिप करणं म्हणजे तिच्या हातचा मळ. पण त्याची एक रीत होती, आणि ती रीत तिनेच घालून दिली होती. दोन वर्षांपूर्वी मोईनने एका गिऱ्हाइकाला आपल्या कॉम्प्युटरवरचं अख्खं फोल्डरच झिप करून पाठवलं होतं. त्यात अर्धवट लिहिलेल्या फाइली होत्या, पासवर्डची यादी होती आणि मोईनचा स्वतःचा लग्नाचा बायोडेटाही होता. गिऱ्हाइकाने फोन करून, "स्थळ चांगलं आहे, पण कोड कुठंय?" असं विचारलं होतं. तेव्हापासून नियम ठरला: बाहेर जाणारी झिप फोल्डरमधून करायची नाही, रिपॉझिटरीतून करायची. रिपॉझिटरीत प्रोग्रामचा प्रत्येक बदल तारखेनिशी आणि नावानिशी नोंदलेला असतो. ज्या दिवशी एखादी आवृत्ती केंद्रांवर जाते, त्या दिवशी त्या नोंदीवर टॅग लावला जातो. पुढे कितीही बदल झाले तरी त्या टॅगवरून तेव्हाचा कोड जसाच्या तसा बाहेर काढता येतो. जे नोंदलं गेलं तेवढंच झिपमध्ये येतं. एक फाइल कमी नाही की एक जास्त नाही.

तिने केंद्रांच्या नोंदी पाहिल्या. फुलंब्रीच्या पॅनेलवर मार्चमध्ये ३.१.४ ही आवृत्ती गेली होती, आणि चार मे रोजी ३.१.५. म्हणजे सतरा एप्रिलला होती ३.१.४. तिने टॅगचं नाव घालून एका ओळीची कमांड दिली आणि दोन सेकंदांत झिप तयार झाली. एवढीशी फाइल, फोनमधल्या एका फोटोपेक्षाही लहान.

रीतीचा दुसरा भाग उरला होता. पाठवण्याआधी झिप कोऱ्या फोल्डरमध्ये उलगडायची, त्यातून प्रोग्राम तयार करायचा आणि टेबलावरच्या जादा पॅनेलवर चालवून बघायचा. तिने प्रोग्राम पॅनेलमध्ये भरला. तापमान मोजणारी सळई स्टीलच्या ग्लासातल्या पाण्यात बुडवली. मे महिन्याचं पाणी, ते काही थंड होणार नव्हतं. टाकीचं झाकण बंद झाल्यापासून अर्ध्या तासात तापमान उतरायला लागलं नाही, तर भोंगा वाजायला हवा. तिने झाकणाचं बटण दाबलं तेव्हा साडेअकरा वाजले होते.

बारा वाजले. भोंगा वाजला नाही.

सव्वाबाराला तिने वायर हलवून पाहिली. साडेबाराला सळई काढली, पुसली, पुन्हा बुडवली. पडद्यावर तापमान बरोबर दिसत होतं, चौतीस अंश. भोंग्याची तार तिने बॅटरीला लावून पाहिली तर तो केवढ्याने तरी ओरडला. म्हणजे भोंगा ठीक होता. आमरीनने डबा उघडला, एक घास खाल्ला आणि तसाच झाकून ठेवला. मग तिने उलगडलेल्या झिपमधली भोंग्याची फाइल उघडली.

तिला शोधावं लागलं नाही. आकडा समोरच होता: अठराशे. अठराशे ठोके मोजून झाले की भोंगा. पूर्वी पॅनेलचं घड्याळ सेकंदाला एक ठोका द्यायचं, म्हणजे अठराशे ठोक्यांचा अर्धा तास. फेब्रुवारीत वीज गेल्यावर बॅटरी जास्त टिकावी म्हणून आमरीनने घड्याळ सावकाश केलं होतं, दहा सेकंदांना एक ठोका. बाकी सगळीकडचे आकडे तिने बदलले होते. हा एक राहिला. अठराशे ठोके झाले पाच तास.

आणि पुढचंही तिला आठवलं. मेच्या सुरुवातीला पडद्यावरचे संदेश मराठीत करताना हा आकडा तिच्या नजरेस पडला होता. तिने तो एकशे ऐंशी केला, 'वेळेचा आकडा दुरुस्त' अशी तीन शब्दांची टीप लिहिली आणि पुढच्या कामाला लागली. तेव्हा तिच्या मनात आलंच नाही की मधल्या दीड महिन्यात कुठल्यातरी टाकीला त्या भोंग्याची गरज पडली असेल. केंद्राच्या नोंदींत होतं, संघाच्या लोकांनी फुलंब्रीला जाऊन पॅनेल तपासलं ते नऊ मेला. तोवर तिथं ३.१.५ गेलेली होती. भोंगा बरोबर अर्ध्या तासात वाजला. मग पुंजारामवर विश्वास कोण ठेवणार?

आमरीनने पॅनेल बंद केलं नाही. ते तसंच चालू ठेवून ती समोर बसून राहिली. खाली पत्रा कापला जात होता. साडेचार वाजता, संध्या मॅडम जिना चढून दारात आल्या त्याच मिनिटाला भोंगा वाजला.

मॅडमनी कानांवर हात ठेवले. "काय वाजतंय हे?"

"सतरा एप्रिलचा भोंगा, मॅडम," आमरीन म्हणाली. "साडेअकराला झाकण लावलं. बाराला वाजायला हवा होता."

तिने सगळं सांगितलं. संध्या मॅडम पन्नाशीच्या, पूर्वी एका कारखान्यात इंजिनिअर होत्या; त्यांना एकदा सांगितलेलं पुरायचं. त्यांनी भोंगा बंद केला, खुर्ची ओढली आणि सळई ग्लासातून काढून ठेवली.

"संघ बारा नवीन केंद्रं देणार होता आपल्याला," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये."

"हो."

"आत्ता फुलंब्रीच्या पॅनेलवर ३.१.५ आहे ना? त्यांनी तपासली ती तीच. तीच पाठवली तर खोटं काय झालं त्यात?"

"त्यांनी तारीख लिहिलीय, मॅडम."

"तारीख मी वाचली." मॅडमचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आपण सहा जण आहोत इथं, आमरीन. मला सोमवारपर्यंत वेळ दे."

आमरीन मान हलवून उठली. झिप तिने पाठवली नाही आणि खोडलीही नाही.

घरी, बायजीपुऱ्यात, ताट समोर ठेवून ती नुसती बसली होती. तिचे अब्बा, मोहियोद्दीन, चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून आता घरी असायचे. त्यांनी विचारलं, "क्या हुआ? खाना कायकू नहीं खारी?" तिने सांगितलं. घड्याळाचे ठोके म्हटल्यावर अब्बांना ते मॅडमपेक्षाही लवकर समजलं. चूक कुणाची, आता काय करायचं, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"उस आदमी को मालूम है क्या?" ते म्हणाले.

"नहीं, अब्बा."

"फिर पहले उसको बोल."

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी आठलाच ती स्कूटीवरून निघाली, हर्सूलचा तलाव मागे टाकून फुलंब्रीच्या रस्त्याला लागली. केंद्रावरच्या नव्या माणसाने पुंजारामचं घर दाखवलं. रस्त्यापासून आत, लिंबाखाली कांद्याचा ढीग पडला होता आणि पुंजाराम एकेक कांदा हातात घेऊन निवडत बसले होते. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

"पॅनेलवाल्या मॅडम! या, या. पॅनेल बिघडलं का काय? मी नाय आता तिथं."

"माहीत आहे काका. तुम्हालाच भेटायला आले."

ते क्षणभर गोंधळले. मग आत जाऊन त्यांनी पाणी आणलं, खाट झटकली. आमरीन बोलायला शब्द जुळवत होती, तेवढ्यात तेच बोलू लागले. दीड महिना गावात कुणी विचारत नव्हतं, आणि आता विचारणारं माणूस आपसूक घरी आलं होतं.

"त्या दिशी सकाळचं दूध घेतलं, नऊला झाकण लावलं. कॉम्प्रेसर चालू व्हता, आवाज येत व्हता. मला काय म्हाईत त्यातला गॅस गेलाय? मी मागं कॅना धुतल्या, भाकर खाल्ली. मधी एकदा पडद्याकडं बघाया पायजे व्हतं, ते चुकलंच माझं. ते मी सायबाला बी सांगितलं. पण भोंगा वाजला अन् मी उठलो नाय, हे काय माझ्या टाळक्यात बसंना." त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे बघा. घाटीच्या दवाखान्यात जाऊन कान तपासले."

कागदावर दोन वाकड्या रेघा होत्या, एक उजव्या कानाची, एक डाव्या.

"डॉक्टरीणबाई म्हनल्या, कान चांगले हायेत. मला आधी बरं वाटलं. मंग घरी येता येता वाटलं, कान चांगले हायेत, मंग मी झोपलोच असंन. मान्साला काय कळतंय, डोळा कवा लागला ते." ते हसले, पण ते हसू नीट जमलं नाही. "आता तर मलाच वाटाया लागलंय, झोपलोच व्हतो."

"तुम्ही झोपला नव्हता," आमरीन म्हणाली. "भोंगा वाजलाच नाही, काका."

पुंजारामनी कागद खिशात ठेवला आणि ढिगातला एक कांदा उचलला.

"चूक माझी आहे. त्याच्यातल्या प्रोग्राममध्ये एक आकडा माझ्याकडून चुकला होता. अर्ध्या तासात वाजायचा तो पाच तासांनी वाजणार होता. तुम्ही नऊला झाकण लावलं, म्हणजे दोनला. टँकर किती वाजता आला?"

"दीडला. डायवरनं दूध बघितलं, फाटलेलं. मग आमी मेन बंद केला, टाकी रिकामी केली."

"मग तो वाजणार कसा?"

"म्हंजी वाजलाच नाय."

"नाही वाजला."

पुंजारामनी हातातला कांदा खाली ठेवला. घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए, बाहीर ये." त्यांची बायको कडूबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. "मॅडम, परत सांगा. हिच्या म्होरं सांगा."

आमरीनने पुन्हा सांगितलं, या वेळी आणखी साध्या शब्दांत. कडूबाईने ऐकून घेतलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मी कवा म्हनलं तुमी झोपला व्हता?"

"तू नाय म्हनली. मीच म्हनत व्हतो."

मग ती आमरीनकडे वळली. आवाज शांत होता, पण नजर हलत नव्हती. "मंग दीड महिना तुमी कुठं व्हत्या, बाई?"

"मला कालच कळलं," असं आमरीनला म्हणता आलं असतं, आणि ते खरंही होतं. पण आकडा दुरुस्त करताना तिने हात थांबवून एकदा विचार केला असता, तर चार मेलाच कळलं असतं. ती म्हणाली, "माझ्याकडून राहिलं, मावशी." कडूबाई चहा टाकायला आत गेली.

"हे कागदावर येईल का?" पुंजारामनी विचारलं.

"येईल," आमरीन म्हणाली. म्हणून झाल्यावर तिला जाणवलं की आपल्या हातात नसलेली गोष्ट आपण कबूल करून बसलो आहोत.

सोमवारी ती दहाच्या आधीच ऑफिसात पोहोचली. संध्या मॅडम तिच्याही आधी आलेल्या होत्या.

"मी शनिवारी पुंजारामकाकांकडे गेले होते," आमरीनने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "त्यांना सगळं सांगितलं."

मॅडमचा चेहरा लाल झाला. "मला विचारायचं होतंस. कंपनी माझी आहे."

"हो मॅडम, विचारायला हवं होतं."

"मी सोमवारपर्यंत वेळ मागितला होता, तो सुद्धा दिला नाहीस." त्या उठून खिडकीशी गेल्या आणि परत आल्या. "बस. मी पत्र लिहिलंय. बघ."

पत्र कालच्या तारखेचं होतं, रविवारचं. आमरीनने ते वाचलं. सतरा एप्रिलची आवृत्ती सोबत जोडली आहे. तिच्यात किरकोळ त्रुटी होती, त्यामुळे भोंगा अर्ध्या तासाऐवजी पाच तासांनी वाजला असता. ती चार मे रोजी दुरुस्त केली, म्हणून नऊ मेच्या तपासणीत ती दिसली नाही. दुरुस्त आवृत्तीही सोबत आहे. पुंजाराम यांचं म्हणणं आमच्या तपासणीशी जुळतं.

ती वाचत असताना मॅडम दुसरीकडे बघत होत्या. आमरीनने कागद खाली ठेवला तशा त्या म्हणाल्या, "किरकोळ काढून टाक. रविवारभर मी त्या शब्दावर अडले होते. किरकोळ नव्हती ती."

आमरीनने दोन्ही टॅगच्या झिपा नव्याने केल्या आणि पाठवल्या. सोबत प्रत्येक झिपचा ठसा लिहिला. ठसा म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून कॉम्प्युटरने काढलेली चौसष्ट आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक टिंब जरी बदललं तरी ही ओळ पार बदलून जाते.

बुधवारी धम्मपाल साळवे स्वतः आले. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस, पाठीवर लॅपटॉपची बॅग. चहा नको म्हणाले. "मला ती झिप माझ्यासमोर पुन्हा करून दाखवा," एवढंच त्यांनी सांगितलं. आमरीनने रिपॉझिटरी उघडली, तीच एका ओळीची कमांड दिली. नव्या झिपचा ठसा त्यांनी आपल्याकडच्या झिपच्या ठशाशी अक्षर अक्षर ताडून पाहिला. एकच होता. मग फेब्रुवारीतली नोंद पाहिली, मेमधली पाहिली, दोन्हींपुढे आमरीनचं नाव होतं ते वहीत उतरवून घेतलं.

"ही नोंद तुम्हाला बदलता आली असती?" त्यांनी विचारलं.

"खटपट करून आली असती," आमरीन म्हणाली. "पण मग त्यापुढच्या सगळ्या नोंदींचे क्रमांक बदलले असते. मोईनच्या कॉम्प्युटरवरच्या रिपॉझिटरीशी जुळले नसते."

त्यांनी मोईनच्या कॉम्प्युटरवर जाऊन तेही बघितलं. मग म्हणाले, "आता चहा चालेल."

निकाल यायला तीन आठवडे लागले. पुंजारामना कामावर परत घेतलं. तासाला एकदा पडदा बघून वहीत लिहावं, अशी समज त्यांना देण्यात आली आणि ती त्यांनी मान्य केली. संध्या मॅडमची बारा केंद्रं लांबणीवर पडली. जुनी अडतीस पॅनेलं कंपनीने स्वखर्चाने एकेक करून तपासून द्यावीत, असं ठरलं. मॅडमनी यादी केली आणि ती आमरीनच्या टेबलावर ठेवली. महिनाभर ती आणि मोईन केंद्रांवरून फिरत होते. त्या काळात रिपॉझिटरीत एक नवी फाइल आली: प्रत्येक आवृत्ती बाहेर जाण्याआधी भोंगा घड्याळ लावून वाजवून बघायचा, आणि कुणी बघितला त्याचं नाव लिहायचं.

फुलंब्रीची पाळी सर्वांत शेवटी आली. पॅनेल तपासून झाल्यावर पुंजारामनी तिला स्टुलावर बसवलं.

"मॅडम, ती तुमी पाठवलेली फाइल मला मिळंल का? मोबाईलवर?"

"ती कंपनीची आहे, काका. मला देता येत नाही. आणि मोबाईलवर ती उघडणारही नाही."

"उघडायची नाय मला. नुसती असावी म्हनलं."

आमरीनने थोडा विचार केला. बॅगेतून वही काढून एका पानावर फाइलचं नाव लिहिलं, आवृत्ती लिहिली, तारीख लिहिली आणि खाली लॅपटॉपवर बघून चौसष्ट आकडे-अक्षरांचा तो ठसा नीट उतरवून काढला.

"हे काय?"

"त्या फाइलचा ठसा. उद्या कुणी म्हणालं, फाइल तशी नव्हती, तर त्यांना हे दाखवायचं. यातलं एक अक्षर चुकलं तरी ती फाइल ती नव्हे."

पुंजारामनी कागद डोळ्यांजवळ धरला. "नऊ, सी, चार, एफ..." पुढं ते थांबले. "कुनाला वाचता येतं हे?"

"कुणालाच नाही. मलासुद्धा नाही."

ते पहिल्यांदाच मोकळं हसले. बाहेर दोन मोटारसायकली येऊन थांबल्या, दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅना लटकत होत्या. पुंजारामनी कागदाची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली, हात धुतले आणि टाकीचं झाकण उचलायला गेले.